विद्यापीठाच्या रग्बी टीममध्ये अगदी नवशिक्या मुलाने जावं का? वजन ५४ किलो आहे, जमेल का?

तुझा लांबलचक प्रश्न पूर्ण वाचला. वय १९, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, बीएस्सीचं पहिलं वर्ष, शाळेत कबड्डी. कॉलेजच्या बोर्डावर विद्यापीठाच्या रग्बी निवड चाचणीची नोटीस लागली आहे आणि सीनियर मुलं सकाळच्या सरावाला बोलावून राहिली. जाऊ का, सामान काय लागेल, घरी काय सांगू, असं तू विचारलंस. आणि सगळ्यात शेवटी लिहिलंस, "रग्बीत गर्दी कमी असते म्हणून सर्टिफिकेट लवकर मिळतं असं मित्र म्हणतात, खरं आहे का?"

जा. उद्या सकाळीच जा. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुला तिथले सीनियर देतील. मी लिहायला बसलो तो त्या शेवटच्या ओळीसाठी. ती ओळ मी गावात वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि ज्यांनी मला खेळायला शिकवलं त्यांच्याच तोंडून ऐकलीय.

आधी वजनाचं उरकतो. आपल्याकडे बहुतेक स्पर्धा सेव्हन्सच्या असतात, म्हणजे सात-सात जणांच्या. ऑलिंपिकमध्ये २०१६ ला रिओत आलं तेही सेव्हन्सच. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढंच, जवळपास १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. एवढं वावर सात जणांनी राखायचं म्हणजे धावणं आलं. सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. ऐकायला थोडं वाटतं, पण पहिल्या हाफच्या शेवटी गुडघ्यावर हात ठेवून उभी असलेली धिप्पाड पोरं मी पुष्कळ पाहिली. ५४ किलोचा आणि पायात दम असलेला पोरगा तिथे कामाचा असतो. विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभं करतील तुला. वजन नंतर वाढेल, मेसच्या जेवणात अंडी आणि फुटाणे घाल.

आता माझं सांगतो, कारण तूही कबड्डीवाला आहेस.

मी दर्यापूर तालुक्यातला. आमच्याकडे खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी आणि सपाट. गावात मारुतीच्या देवळामागे एकच मैदान आणि त्यावर एकच खेळ, कबड्डी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले आमचे गुरुजी संध्याकाळी फक्कीने मैदान आखायचे. आम्ही पोट्टे गोठ्यातलं काम आटपून थेट तिथे. मी राइट कॉर्नर. माझी पकड घोट्याची. समोरच्याने बोनससाठी पाय लांबवला की त्याच क्षणी खाली बसायचं, दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि कंबरेच्या जोरावर मागे खेचायचं. गुरुजी सांगायचे, "धरला का सोडाचा नाही. दम तुटेपर्यंत सोडाचा नाही." त्या एका वाक्यावर मी तालुक्यात नाव कमावलं.

अमरावतीला कॉलेजात गेलो, खोली करून राहिलो. माझा खेळ पाहून बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करणाऱ्या एका सीनियरने रग्बीच्या सरावाला बोलावलं. टीम निवड झाल्यावर ठरायची, पण वर्षभर सकाळी मैदानावर येणारा जो घोळका असायचा त्यालाच आम्ही क्लब म्हणायचो. त्या घोळक्यातला जवळजवळ एकही जण शाळेत रग्बी खेळलेला नव्हता. कोणी कबड्डीचा, कोणी ॲथलेटिक्सचा, एक कुस्तीवाला, मेळघाटातली दोन काटक पोरं. 'मी अगदी नवशिका आहे' अशी जी भीती तू लिहिलीस ती इथे गैरलागू आहे. इंग्लंड-न्यूझीलंडमध्ये पोरं लहानपणापासून खेळतात, तिथे अठराव्या वर्षी सुरुवात करणारा मागे पडत असेल. आपल्या विद्यापीठांत बहुतेक सगळे अठराव्या वर्षीच सुरुवात करतात.

सुरुवातीला कितीतरी दिवस चेंडू घेऊन कोणी धावूच दिलं नाही. फक्त पडायला शिकवलं. पडायला काय शिकायचं, असं मला वाटायचं. पण आधी गुडघा, मग मांडी, मग कुल्ला, मग खांद्याची मागची बाजू, अशा क्रमाने अंग जमिनीला लागलं पाहिजे. हनुवटी छातीला चिकटलेली. दोन्ही हात चेंडूभोवती. पडताना हात पुढे टेकवला की मनगट जातं नाहीतर गळपट्टीचं हाड. हे ज्या सरावात शिकवत नाहीत आणि पहिल्याच दिवशी मॅच खेळवतात, त्या सरावातून सरळ घरी निघून ये.

मग टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला मिठी घालून खाली पाडणं. इथे माझी कबड्डी आडवी आली. घोट्याची पकड घालताना कबड्डीवाल्याचं डोकं कुठे असतं? चढाई करणाऱ्याच्या गुडघ्यासमोर. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, समोरचा फार तर चार पावलांचा वेग घेऊन आलेला असतो, म्हणून निभतं. रग्बीत तो तीस मीटर सुसाट धावत आलेला असतो. त्याच्या गुडघ्यासमोर डोकं गेलं की कानशिलावर गुडघा बसतो आणि पोरगा तिथेच आडवा. सीनियरने सराव थांबवला. मला दोन्ही गुडघ्यांवर बसवलं. एका पोराला माझ्या बाजूने सावकाश, चालत जायला सांगितलं. तो जवळ आला की स्वतःच्या हातांनी माझं डोकं धरून त्याच्या पाठीमागच्या बाजूला नेऊन ठेवायचा, अगदी गाल त्याच्या चड्डीला घासेल इतकं. खांदा मांडीवर, डोळे उघडे, डोकं मागे, आणि मग हातांची मिठी. नुसता खांदा मारायचा नाही, हात गुंडाळलेच पाहिजेत, नाहीतर फाउल. खांद्याच्या रेषेच्या वर धरलं तरी फाउल. चालणाऱ्या पोरावर हे जमल्याशिवाय त्याने मला धावणाऱ्या पोरासमोर उभं केलं नाही. बाकीचे हसायचे. तो म्हणायचा, "हसू द्या. मान याची आहे."

दिवाळीला गावी आलो तेव्हा सराव तुटू नये म्हणून एका पोत्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, ठासून भरलं आणि सुतळीने तोंड शिवून ते गोठ्यापुढच्या निंबाला बांधलं. कुटाराचं पोतं टॅकलला फार चांगलं. खांदा रुततो पण लागत नाही, आणि मिठी नीट बसली नाही तर पोतं फिरून निसटतं, म्हणजे चूक लगेच कळते. नव्या गोणपाटाने गाल सोलतो, म्हणून वर जुनी चादर गुंडाळायची. धाकटा भाऊ पोतं हलवत राहायचा आणि मी डावीकडून, उजवीकडून. बाबा वखर घेऊन वावरातून आले, उभे राहून पाहिलं आणि म्हणाले, "बैलाचं कुटार पोत्यात भरून निंबाले बांधतं अन् वरून त्याले धडका मारतं? येड लागलं काय तुले?" पण पोतं सोडायला लावलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सुतळी सुटली होती ती त्यांनीच पुन्हा शिवलेली दिसली. तुझ्या गावात टॅकल बॅग मिळणार नाही, पोतं मिळेल. हे कर.

डोकं जागेवर यायला लागलं, पण हात सुटेनात. गुरुजींचं वाक्य अंगात भिनलेलं, धरला का सोडायचा नाही. रग्बीत उलटं आहे. समोरचा जमिनीला टेकला की टॅकल करणाऱ्याने त्याला लगेच सोडायचं, बाजूला व्हायचं, उभं राहायचं आणि मगच चेंडूला हात लावायचा. त्यालाही चेंडू सोडावा लागतो. न सोडणं म्हणजे पेनल्टी. माझे हात घोट्याला चिकटलेलेच राहायचे, शिट्टी वाजायची, रेफरीचा हात समोरच्या टीमच्या बाजूने वर. तुझंही हेच होणार, आत्ताच सांगून ठेवतो. कबड्डीवाल्याला धरणं शिकवावं लागत नाही, सोडणं शिकवावं लागतं. चेंडू फक्त मागेच पास करता येतो याची सवय लवकर लागते, सोडायच्या सवयीला वेळ लागतो.

त्या वर्षी विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो आणि मेडल न घेता परत आलो. चैत्रात हनुमान जयंतीला गावात कबड्डीचे खुले सामने होते. मी गावच्या मंडळाकडून खेळायला आलो, नेहमीसारखा. सामना संपल्यावर सगळ्यांसमोर गुरुजी म्हणाले, "हा पोट्टा आता इंग्रजी खेळ खेळते. चारच टीमा येतात म्हणे तिथं. दोन मॅचा खेळल्या का सर्टिफिकीट हातात. खेळाची आवड राह्यती त कबड्डी सोडली असती काय यानं?" लोक हसले. त्यानंतर गावात माझं नाव 'सर्टिफिकेटवाला' पडलं. अजूनही पारावर कोणी ना कोणी म्हणतंच.

मोठ्या माणसाला उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून तेव्हा गप्प राहिलो. आता तूच विचारलंस, तर सगळं सांगतो.

टीमा कमी असतात हे खरं. पण ज्या असतात त्या कोणत्या? ओडिशाच्या पोरांसमोर एकदा उभा राहून बघ. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधली आदिवासी गावांतली पोरं २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालील स्पर्धा जिंकून आली. तेव्हापासून तिथे लहान लहान पोरं चेंडू घेऊन धावताहेत. बिहार आपल्यासारखाच शेतीवाला, तिथल्या बाढची स्वीटी कुमारी भारताकडून खेळली आणि आशियात तिच्या वेगाचं नाव झालं. अशा राज्यांतल्या टीमसमोर आम्ही उभे राहिलो आणि हरलो. ज्याला फुकटचं मेडल दिसतं त्याने एकदा मैदानाच्या कडेला येऊन बसावं.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नुसतं विद्यापीठाकडून मैदानात उतरलं म्हणून ते मिळत नाही. स्पर्धा कोणत्या पातळीची आणि क्रमांक कितवा, हे बघतात. क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. खोटी प्रमाणपत्रं काढणारे आपल्या राज्यात पकडले गेलेत, आणि त्यांच्यापायी माझ्यासारख्याकडे लोक संशयाने बघतात, याचा मला मनापासून संताप येतो. मी सरकारी नोकरीत नाही. तालुक्याला कृषी केंद्र चालवतो, घरची शेती करतो. रग्बीचं एकही प्रमाणपत्र मी कुठल्याही अर्जाला जोडलेलं नाही. सर्टिफिकेटसाठी गेलो असतो तर तीन वर्षं पहाटे उठून त्या मैदानावर चिखल खाल्ला नसता. काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. त्यातून चेंडू घेऊन सुटल्यावर जे वाटतं त्यासाठी मी जायचो.

आता 'इंग्रजी खेळ'. खेळ इंग्लंडचा, यात वाद नाही, रग्बी शाळेवरूनच नाव पडलं. पण इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कपासाठी १८७९ पासून खेळतात त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्यातला एक क्लब बंद झाला तेव्हा बँकेतले त्यांचे चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. आपल्या रुपयाच्या चांदीचा कप ते लोक उरावर घेऊन मिरवतात. आणि आपल्या अमरावतीचं काय? १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवून आलं. आपण कबड्डी जर्मनीला नेली तेव्हा ते अभिमानाचं, आणि दर्यापूरच्या पोराने रग्बी गावात आणली की तो बाटला, हे मला मान्य नाही. गुरुजींनीच हा बर्लिनचा किस्सा आम्हाला शाळेत छाती फुगवून सांगितला होता.

आणि कबड्डी मी सोडली नाही. दर हनुमान जयंतीला गावच्या मंडळाकडून उतरतोय. फरक पडला असेल तर एवढाच की टॅकल शिकल्यापासून माझी मांडीची पकड घोट्यापेक्षा पक्की झाली. रग्बी कबड्डीतून काही काढून घेत नाही. गुरुजींबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांनी फक्की मारली नसती तर मी कुठल्याच मैदानावर गेलो नसतो. पण त्या दिवशी ते चूक बोलले, आणि ते चूक होतं हे कुठेतरी लिहिलेलं असावं, असं मला वाटतं.

तर तुझ्या मित्रांना सांग: सर्टिफिकेटसाठी जायचं असेल तर जाऊ नका. पहिला चांगला टॅकल बसला की तशी पोरं तिसऱ्या दिवशी यायची बंद होतात, आणि त्यांच्या जागी खरा खेळणारा एक पोरगा बाहेर राहिलेला असतो.

सामान: फुटबॉलचे रबरी स्टडवाले बूट चालतात, नवे घेऊ नको, सीनियरचे जुने माग. माउथगार्ड मात्र स्वतःचा आणि पहिल्या दिवसापासून. गरम पाण्यात टाकून दातांत चावायचा म्हणजे बसतो. खेळाच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यात कंजुशी नको, दात परत येत नाहीत. हेल्मेट-पॅडवाला खेळ अमेरिकेचा, तो वेगळा. आपल्याकडे फार तर मऊ टोपी घालतात, तिने कान वाचतात. डोक्याच्या आतला मार ती टोपी थांबवत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर डोकं घालू नको.

हे आधी लिहायला हवं होतं, पण ओघात राहिलं: डोक्याला मार लागून गरगरलं, उलटीसारखं झालं, स्कोअर आठवेना, तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला. "मी ठीक आहे सर" म्हणून परत उतरायचं नाही. डॉक्टरला दाखवायचं आणि पुढचे दिवस हळूहळू, टप्प्याटप्प्याने परत यायचं. मानेला लागलेल्या पोराला कोणी बगलेत धरून उठवू नये. आपल्या गावाकडे पेशंटला दोघांच्या मध्ये बसवून मोटरसायकलवर नेतात, मानेच्या बाबतीत ते जन्माचं अपंगत्व ओढवून घेणं आहे. तसाच पडू द्यायचा, डोकं हलू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन. तुमच्या मैदानावर गाडी पोहोचते का आणि जवळचं मोठं हॉस्पिटल किती लांब, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव. खांदा आधी कधी निखळला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय टॅकलच्या सरावात उतरू नको. आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर मैदानावर थांबायचं नाही, मग कोच काहीही म्हणो. विदर्भाच्या उन्हाला टॅकल नाही.

तुझ्या विद्यापीठात सध्या कोच कोण, सराव कसा, हे मी पाहिलेलं नाही. पडायला शिकवतात का, एवढं बघ. शिकवत असतील तर डोळे मिटून जा.

घरी काय सांगू म्हणतोस. कबड्डीसारखा खेळ आहे म्हणून सांग, खोटं नाही ते. आईला माउथगार्ड दाखव. आणि वडील सोयाबीन मळणीच्या घाईत असतील तेव्हा विषय काढू नको, कुटार घरात आलं की काढ, तसंही तुला एक पोतं मागायचंच आहे.